उजेडात न टिकणारा कण

"पुन्हा उडाला," रेवती म्हणाली आणि डोळे मिटून खुर्चीत तशीच बसून राहिली.

मी शेजारच्या टेबलावरून पडद्याकडे पाहिलं. पाण्याच्या एका थेंबात बारीक मणी ओळीनं उभे होते, शाळेत प्रार्थनेला पोरं उभी असतात तसे. मधली एक जागा मात्र रिकामी होती. तिथे बुडबुडा फुगत होता आणि त्याच्या धक्क्यानं शेजारचे मणी ओळ सोडून चालले होते. बघता बघता सगळी रांग विस्कटली. प्रार्थना संपायच्या आत घंटा झाल्यासारखी.

दसरा नुकताच होऊन गेला होता. बाहेर टेकडीवर ऑक्टोबरचं ऊन रटरटत होतं आणि आमच्या अंधारखोलीतला एसी गारव्यापेक्षा आवाजच जास्त देत होता. रेवतीच्या डोळ्यांखाली काळं साचलेलं. ती चिडतही नव्हती. चिडायला अंगात थोडी ताकद शिल्लक लागते.

रेवती अत्तरदेचं काम काय होतं ते थोडक्यात सांगतो. हिरव्या लेसरचा किरण सूक्ष्मदर्शकातून थेंबात एका बिंदूवर आणला की तिथला पारदर्शक मणी त्या बिंदूला धरून राहतो. हा मणी केसाच्या जाडीपुढे म्हणजे भोपळ्यापुढे मोहरी. उजेडालाही दाब असतो, आणि एवढ्याशा मण्याला तो पुरतो. रेवती त्याच्या पुढे गेली होती. किरणाच्या वाटेत एक छोटा पडदा ठेवून त्यावर ती संगणकानं नक्षी काढायची. त्या नक्षीवरून परतलेला एकच किरण थेंबात उतरताना अनेक बिंदूंचा होऊन उतरायचा, आणि प्रत्येक बिंदू एकेक मणी धरायचा. नक्षी बदलली की बिंदू सरकत, बिंदू सरकले की मणी. हात लावायचा नाही, सुई टोचायची नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा यात कुठेतरी दोरा असणार असंच मला वाटलं होतं.

मी तिच्याच मार्गदर्शकांचा विद्यार्थी, पण माझा प्रबंध दाखल झालेला होता आणि पुढची नोकरी लागेपर्यंत प्रकल्पावर दिवस काढत होतो. आमचं चोपड्याला किराणा दुकान. भौतिकशास्त्रात आलो तरी तागडी बरोबर घेऊनच आलो. माणूस समोर आला की कुणाचं कुणाकडे काय निघतं ते मनात मांडायची खोड जडलेली. विभागात मला वाणीशेठ म्हणत, ते आडनावापेक्षा या खोडीमुळे जास्त.

आणि माझ्या तागडीत आमच्या मार्गदर्शकांचं, भिरूड सरांचं, पारडं कधीच हलकं ठरलं होतं.

सर वाईट नव्हते, हीच पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता येतं. सर शेतातली केळी आणून टेबलावर ठेवत, रेवतीच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करत, परगावी गेले तर तिच्यासाठी पुस्तक आणत. फक्त प्रबंधावर सही करत नसत. नाही असंही कधी म्हणत नसत. "बघू या की," म्हणत. "अजून एक संच घे, मग बसू." संच म्हणजे मोजमापांची एक पूर्ण फेरी. रेवती संच घ्यायची, सर आलेख उन्हाकडे धरून पाहायचे, जणू त्यात नोटेतलं जलचिन्ह शोधतायत, आणि पुन्हा म्हणायचे, "छान आहे. अजून एक घेऊ."

एव्हाना तिची शिष्यवृत्ती संपली होती. धुळ्याच्या एका कॉलेजात कायम जागेसाठी तिची निवड झाली होती, पण अट होती: दिवाळीची सुट्टी संपायच्या आत प्रबंध दाखल झाल्याची पावती. नाहीतर यादीतला पुढचा माणूस. आणि सरांच्या सहीशिवाय प्रबंध दाखल होत नव्हता.

शेवटी सरांनीच माझ्यासमोर तिला शब्द दिला होता. मुंबईच्या एका संस्थेतून सामंत मॅडम प्रकल्पाची पाहणी करायला येणार होत्या. मॅडमसमोर मण्यांची अख्खी रांग उभी राहिली, सरकली आणि तुटली नाही, तर शेवटचं प्रकरण पूर्ण झालं असं धरू. मग सही. सामंत मॅडम या विषयातल्या जाणत्या. त्या एकदा मान हलवून गेल्या की सरांनाही पुढे काही बोलायला जागा नव्हती.

नवरात्रात रांग व्यवस्थित उभी राहत होती. दसऱ्यानंतर मोडायला लागली. आणि मॅडम उद्या येणार होत्या.

"लेसरची ताकद कमी करून बघितली?" मी विचारलं.

तिनं सगळं करून बघितलं होतं. ताकद कमी केली, भिंगं पुसली, पाणी बदललं, काचपट्ट्या बदलल्या. कधीतरी एखादा कण बिंदूत यायचा, क्षणभर थांबायचा, काळा पडल्यासारखा दिसायचा आणि बुडबुडा सोडून फेकला जायचा. मणी असं करत नाहीत. मणी पारदर्शक असतात; उजेड त्यांच्यातून निघून जातो, त्यांना तापवत नाही.

"मग तो मणी नसेल," मी म्हणालो. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून म्हणालो, पण तिनं डोळे उघडले.

तिनं काचपट्टी काढली, लेसर बंद केला आणि साध्या पांढऱ्या दिव्यात ती दुसऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मग बाजूला सरकून मला जागा दिली. पाण्यासारख्या मण्यांमध्ये एक ओबडधोबड दाणा होता, लाल. हिरवा उजेड लाल वस्तू पिऊन टाकते आणि तापते, हे बी.एस्सी.च्या पोरालाही सांगता येतं.

मण्यांची बाटली तिनं कपाटातून काढली. विभागात तेवढी एकच होती; नवीन मागवायची तर दिवाळी उलटली असती. झाकणाच्या खाचेत, बोट फिरवल्यावर कळेल इतपत, पिवळ्यावर लाल. मी ते चिमटीत घेऊन चोळलं. दुकानात लहानपणापासून पुड्या बांधलेल्या. ओळखायला काही लागलं नाही.

"कुंकू आहे," मी म्हणालो. "खाली हळद."

आमच्या विभागात खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. वर्कशॉपमधल्या लेथला झेंडूची माळ, पंपाला हळदकुंकू, ऑफिसातल्या झेरॉक्सलाही. भिरूड सरांना हे अजिबात खपायचं नाही. दर वर्षी विज्ञान दिनाच्या भाषणात ते म्हणायचे की यंत्र कुंकवानं चालत नाही, तेलानं चालतं. वर्कशॉपचे लोक हे वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवत आणि लेथला माळ घालत. रेवतीची अंधारखोली मात्र या सगळ्यापासून लांब. धूळ नको, फुलं नकोत, अक्षता नकोत, म्हणून नवमीला खोलीला कुलूप. सरांनीच तिला ती परवानगी दिली होती.

कुलपाच्या किल्ल्या दोन. एक रेवतीकडे, जी कधीमधी मीही वापरायचो. दुसरी सरांकडे.

माझा हिशेब तिथेच मिटला. मी तो तिला मांडून दाखवला. रेवती गेली तर हे यंत्र चालवणारं विभागात कुणी उरत नाही. यंत्र बंद म्हणजे प्रकल्प बंद, प्रकल्प बंद म्हणजे सरांचं नाव बंद. त्यांना तिला सोडायचंच नाहीये. सही अडवून वर्षं काढली, आता मॅडमसमोर रांग मोडली की आणखी एक वर्ष मिळतं. माणूस हुशार आहे. कुंकवाचा आळ उद्या कुणी घेणार नाही, निदान त्यांच्यावर तरी नाही.

रेवतीनं सगळं ऐकून घेतलं. तिचं म्हणणं पडलं की असलं काही करायला मनात दम लागतो, सरांच्यात तो नाही.

"मग कोणी लावलं?"

"त्यांनीच लावलं," ती म्हणाली. "पण तू म्हणतोस त्यासाठी नाही."

मी तिला सांगितलं की उद्या मॅडमनी विचारलं तर सरळ सांग: सरांनी कुंकू लावलं, म्हणून रांग मोडली. मॅडम हसतील, सर मान खाली घालतील आणि लाजेखातर संध्याकाळपर्यंत सही देतील. इतका स्वच्छ सौदा परत मिळणार नव्हता. ती म्हणाली, "वाणीशेठ, तू दुकान बंद कर आता, मला काम करू दे."

दुपारभर ती बाटली धुण्याच्या मागे होती. जड दाणे तळाला बसले, बारीक तसेच तरंगत राहिले. ऊन उतरलं तेव्हा तिनं धुणं सोडलं आणि संगणकावर नवी नक्षी काढायला घेतली. मी घरी जायला निघालो. दारात वळून पाहिलं तर पडद्यावर बिंदू नव्हते. एक हिरवं कडं होतं, मधोमध काळं.

सामंत मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळीच आल्या. ठेंगण्या, पर्स मांडीवरून न काढणाऱ्या बाई. सरांनी चहा, नाश्ता, विभागाचा इतिहास सगळं पुढे केलं. त्यांनी त्यातला फक्त चहा घेतला आणि यंत्र कुठे आहे ते विचारलं. सरांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता, पण चेहरा मात्र जागरण झालेल्या माणसाचा. अंधारखोलीत ते मागे, माझ्या शेजारी उभे राहिले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

रेवतीनं रांग उभी केली. मणी एकेक करून जागेवर आले. मॅडम पुढे झुकल्या. रांग एका बाजूला सरकली, थांबली, परत आली. मग नेमका एक लाल कण तरंगत येऊन मधल्या बिंदूत शिरला, आणि व्हायचं तेच झालं. बुडबुडा, धक्का, पांगापांग.

"हे काय होतं?" मॅडमनी विचारलं.

मी सरांकडे पाहिलं. सर पडद्याकडेच पाहत होते. मी रेवतीकडे पाहिलं.

"उजेड शोषणारा कण, मॅडम," रेवती शांतपणे म्हणाली. "नमुन्यात थोडे आहेत. प्रखर बिंदूत ते टिकत नाहीत, तापतात. त्यांना वेगळं धरावं लागतं. दाखवते."

तिनं नक्षी बदलली. थेंबात ते हिरवं कडं उमटलं. तिनं काचपट्टी हळूहळू सरकवत एक लाल कण कड्याच्या मधल्या अंधारात आणला. कण कडेकडे गेला की उजेड त्याला आत ढकलायचा. दुसऱ्या बाजूला गेला, पुन्हा आत. थोड्या वेळानं त्यानं धडपड सोडली. तापायला त्याच्यापाशी उजेडच नव्हता. उजेड सगळा भोवती होता. रेवतीनं कडं सरकवलं, तसा तोही आतल्या आत सरकत गेला. मग तिनं एका बाजूला मण्यांची रांग आणि दुसऱ्या बाजूला कड्यातला कण, दोन्ही एकाच वेळी हलवून दाखवलं. रांग या वेळी मोडली नाही, कारण मोडणारा आत कोंडलेला होता.

मॅडमनी मांडीवरची पर्स खाली ठेवली, आणि माझ्या हिशेबानं काम झालं.

त्यांनी बारीकसारीक बरंच विचारलं. कड्याची नक्षी कशी काढली, मधला अंधार किती रुंद, कण किती वेगानं ओढला तर निसटतो. रेवती थकलेल्या आवाजात एकेक सांगत गेली. शेवटी मॅडमनी विचारलं की हे शोषणारे कण कसले आहेत आणि मुद्दाम मिसळले का.

हा सौद्याचा क्षण होता. रेवतीनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

"मुद्दाम नाही. हवेतून आले असावेत," ती म्हणाली.

माझ्या शेजारी सरांचा श्वास क्षणभर थांबला.

"प्रबंधात नीट लिहा," मॅडम उठता उठता म्हणाल्या. "कसले कण, कुठून आले. दुसऱ्या कुणाला करून बघायचं तर कळलं पाहिजे." आणि सरांकडे वळून, हे शेवटचं प्रकरण चांगलं झालंय, आता या मुलीला मोकळं करा, असं सहज सांगून त्या गाडीत बसल्या.

दुसऱ्या दिवशी रेवतीनं ते प्रकरण पुरं करून सरांच्या केबिनमध्ये नेलं. मला तिनं सोबत ओढलं. एकटीनं जायचा कंटाळा आला असेल, किंवा साक्षीदार हवा असेल. मला साक्षीदाराचंच कारण खरं वाटत होतं. पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. चेहऱ्यावर फक्त झोप दिसत होती.

सर पानं उलटत गेले. नक्षीच्या गणिताची पानं ते नेहमीसारखीच उलटत होते, थोडा वेळ थांबून, मान हलवून, पुढे. मी मनात म्हटलं, आता येणार 'अजून एक संच'. शेवटी प्रयोगाच्या साहित्याच्या परिच्छेदापाशी ते थांबले. प्रबंध इंग्रजीत होता. त्या वाक्याचा अर्थ एवढाच: नमुन्यात आढळलेले लाल कण कुंकवाचे असून ते प्रयोगशाळेच्या हवेतून आले.

"हवेतून," सर म्हणाले.

"हो सर."

"त्या खोलीत हवा आहे कुठे?"

आम्ही हसलो नाही. सरही हसले नव्हते. त्यांनी खिशातून पेन काढलं, 'हवेतून' या अर्थाचे शब्द खोडले आणि वर बारीक अक्षरात काहीतरी लिहून कागद तिच्याकडे फिरवला. रेवतीनं वाचलं. मग माझ्यासाठी मराठीत म्हणाली, "मार्गदर्शकाच्या हातून."

"हातून नाही," सर म्हणाले. "हातून म्हणजे सांडलं, चुकून झालं. इंग्रजीत दोन्ही एकच दिसतं. मराठीत म्हणायचं तर हाताने म्हण. मी लावलं. नवमीला सकाळी कुणी नव्हतं तेव्हा आत गेलो आणि लावलं. यंत्राला, भिंगाला जपून, आणि बाटलीला."

रेवती म्हणाली की असं लिहायची काही गरज नाही, लोक वाचतील, वर्कशॉपपर्यंत जाईल. ती खरंच त्यांना वाचवत होती, हे मला तेव्हा दिसलं आणि माझ्या तागडीत ते कुठल्या पारड्यात टाकावं ते कळेना.

"जाऊ दे की वर्कशॉपपर्यंत," सर म्हणाले. ते खूप दमलेले दिसत होते, रेवतीपेक्षाही जास्त. "रेवती, मी भिंगांच्या काळातला माणूस आहे. आरसा कुठे ठेवायचा ते मला कळतं. तुझी ही नक्षी, हे गणित, तीन प्रकरणं झाली, मला कळत नाही. दर वेळी वाटायचं, अजून एक संच आला की कळेल. न कळलेल्यावर सही करायची लाज वाटायची, आणि कळत नाही म्हणायची त्याहून जास्त. मग त्या दिवशी वाटलं, मॅडमसमोर हिची रांग नाही उभी राहिली तर? माझ्या हातानं त्या यंत्रावर करता येण्यासारखं एवढंच उरलं होतं. तेच केलं."

बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणीतरी चपला फरफटत गेलं.

"या अख्ख्या प्रबंधात," सर म्हणाले, "बरोबर आहे की चूक ते मला खात्रीनं सांगता येईल असं हे एकच वाक्य आहे. ते तरी बरोबर जाऊ दे. बाकीचं सामंत मॅडमना कळलंय, तुला कळलंय. पुरे झालं."

रेवतीनं त्या खोडलेल्या ओळीवरून एकदा अंगठा फिरवला. शाई ओली होती, अंगठ्याला लागली.

मग सरांनी चष्मा नीट केला आणि हात पुढे केला.

"सहीचं पान कुठंय?"

ते त्यांनी स्वतःहून कधीच मागितलं नव्हतं. रेवतीला ते लगेच सापडेना. तिनं फाइल पालथी केली, पानं टेबलभर पसरली, आणि मी उठून शोधायला मदत करू लागलो.